हरलेल्या वर्षाचा फोटो

कॉलेजच्या व्हरांड्यात फुटबॉल संघांचे जुने फोटो ओळीने टांगले आहेत. आमच्या वर्षाचा तेवढा नाही. त्या मोसमात आम्ही प्रत्येक सामना हरलो, म्हणून प्राचार्यांनी फोटोवाल्याला फाटकातूनच परत पाठवले.

"हरलेल्यांचा कसला फोटो?"

"सर, आईला दाखवायचा होता," आमचा कप्तान गणपा म्हणाला.

"मग जिंकायचं होतंस!"

या कॉलेजमुळे आमच्या घरात पहिली पदवी आली. ते उपकार मी विसरत नाही. पण संताप येतो. बूट नव्हते, तर पायांना पट्ट्या बांधून आम्ही शेवटच्या शिट्टीपर्यंत धावलो. भिंतीवरचे हे संघ जिंकले, ते कुणीतरी समोर उभे राहून हरले म्हणूनच ना? गणपाची आई मात्र आपला मुलगा खेळाडूच्या वेषात कसा दिसतो, हे न पाहताच गेली.