शिकाऱ्याचं अस्वल

एका मोठ्या भूकंपानंतरच्या वर्षी क्योतोत एका आंतरराष्ट्रीय शिकारी क्लबनं अंध मुलांना हातांनी पाहता यावेत म्हणून पेंढा भरलेले प्राणी आणले होते. शिकारी माणूस असतो तरी कसा, या कुतूहलानं मी गेले. अस्वलाशेजारी एक आजोबा बोटांनी त्याचे केस विंचरत उभे होते.

एका मुलीनं अस्वलाची नखं, दात, कान चाचपले आणि विचारलं, "आजोबा, हे मेलं कशानं?"

आजोबांनी खाली बसून तिचं बोट छातीवरच्या केसांखाली, शिवणीवर टेकवलं. "इथं मी गोळी मारली."

तिनं हात काढला नाही. "दुखलं असेल."

"हो," ते म्हणाले.

पुढचं मूल आलं, तेव्हा त्यानं काही न विचारताच आजोबांनी त्याचा हात आधी त्या शिवणीवर नेला.