देवापुढं ठेवलेले डिझेलचे पैसे

माझ्याकडं गाडीचा विमा काढायला येणारा माणूस खुर्चीत टेकायच्या आधीच भांडायला लागतो. गेवराईत एका झेरॉक्सच्या दुकानात माझं टेबल आहे. एक लॅपटॉप, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि दिवसभर एकच प्रश्न: "त्याला कमी अन् मला जास्त, कावून?" एकाच गल्लीतले दोघं येतात. गाडी तीच, साल तेच, रंगसुद्धा एक. एकानं मागच्या साली गाडी ठोकून क्लेम घेतला म्हणून त्याची सूट गेली. दुसऱ्यानं पाच वर्षं काही मागितलं नाही, त्याला सूट मिळाली. एवढं समजावून सांगितलं की पहिला म्हणतो, "म्हंजे विमा वापरला म्हणून दंड का बे?" आता ह्याला काय सांगू, कपाळ! वीस वर्षं हेच सांगतोय. घसा बसायची वेळ आली, पण लोकांचं समाधान होत नाही, आणि खरं सांगायचं तर हल्ली माझंही होत नाही.

तसं त्यात अवघड काही नाही. आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याचा हप्त्यातला जो भाग असतो, तो सगळ्यांना सारखा, फक्त इंजिन लहान का मोठं एवढं बघतात. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र माणसागणिक बदलतो. गाडी किती जुनी, किंमत काय, नंबर कुठल्या शहराचा, आधी क्लेम घेतला का, आणि ती घरची का भाड्याची. हा शेवटचा प्रश्न विचारायचा मी नेहमी कंटाळा करत आलो. तो विचारला की गिऱ्हाईक उठून जातं.

माझी थोरली बहीण उमापूरच्या पलीकडं एका वस्तीवर दिलेली आहे. दाजींचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलं. पुढं गुडघे बोलायला लागले, डॉक्टरनं चालणं कमी करा म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांनी अर्धा कळप विकला आणि पुण्याहून सात सीटांची जुनी गाडी आणली. वस्तीवरची ती पहिलीच चारचाकी. दवाखाना, बाजार, लग्न, मयत, सगळ्याला तीच. विम्याचं काम अर्थातच माझ्याकडं आलं, आणि मी रक्कम सांगितल्यावर दाजी उखडले.

"गाडी हितं बाभळीखाली हुबी ऱ्हाणार. पुण्याचं तोंड ती पुन्यांदा बघायची न्हाई. मग पैसे पुण्याचे कावून?"

म्हणलं, दाजी, मोठ्या शहरात गर्दी लई, ठोकाठोकी लई, गॅरेजवालाही जास्त घेतो, म्हणून तिथला दर चढा. आणि कंपनी नंबर बघते, बाभळ बघत नाही. ते काही त्यांना पटलं नाही. मग दुसरं काढलं. आधीच्या मालकानं कधी क्लेम घेतला नव्हता, त्याची सूट आपल्याला मिळाली पाहिजे. "सीटकव्हर आलं, टेप आला, स्टेपनी आली. सूट कावून न्हाई आली?" मी सांगितलं, सूट माणसाची असते, गाडीची नसते. गाडी विकून तो माणूस आपली सूट घेऊन गेला.

"आरं तिच्या! लई बेरकी निघाला की," दाजी म्हणाले.

अक्का आतून बोलली, "आपल्या माणसाचं काम हाय, जरा बघ की." झालं. असं कुणी म्हणलं की माझं डोकंच चालत नाही. आपल्या माणसाचं म्हणजे काय, कंपनी काय माझ्या सासऱ्याची आहे? पण मी कुठं काय कमी करता येतं ते बघायला लागलो, आणि बघता बघता त्या शेवटच्या प्रश्नावर आलो.

मला सगळं ठाऊक होतं. त्या वस्तीवर कुणी कुणाच्या गाडीत फुकट बसत नाही. बैलगाडीच्या काळात वैरणीचा भारा टाकून जायचे, आता डिझेलचे पैसे देतात. फक्त हातात देत नाहीत. हातात दिलं तर ते भाडं झालं, आणि भाऊबंदाकडून भाडं घेणं म्हणजे लाज. म्हणून उतरताना स्टिअरिंगजवळ चिकटवलेल्या देवापुढं नोट ठेवायची, नमस्कार करायचा आणि जायचं. देणाऱ्याचा मान राहतो, घेणाऱ्याचाही. पण कंपनीच्या कागदावर देवाचा रकाना नाही. खरं विचारलं असतं तर गाडी भाड्याची ठरली असती, मग परमिट, पिवळी पाटी, आणि विम्याची रक्कम आणखी वर. दाजींनी मला हाकलूनच दिलं असतं. म्हणून मी एवढंच विचारलं, "घरचीच गाडी ना?"

"घरचीच की!" दाजी म्हणाले, आणि मी तसं भरून टाकलं.

वर्ष निघालं नाही तोच तलवाड्याच्या अलीकडं घात झाला. भर दुपारी दाजी वस्तीवरच्या चार माणसांना दवाखान्यातून परत घेऊन निघाले होते. वळणावर मेंढरं आडवी आली. दुसरा असता तर ब्रेक दाबून बसला असता, चार-दोन मेली तर मेली. दाजींचा हात मेंढरावर जाईना. त्यांनी गाडी सरळ रस्त्याकडच्या चारीत घातली आणि ती पलीकडच्या लिंबाच्या झाडावर आदळली. देवाची कृपा, एक आबा म्हणून म्हातारे होते त्यांच्या मनगटाचं हाड मोडलं, बाकी सगळे खरचटण्यावर निभावले. गाडीचं मात्र तोंडच राहिलं नाही. गॅरेजवाल्यानं जो आकडा सांगितला तो दाजींच्या उरलेल्या कळपाला झेपणारा नव्हता. क्लेम मिळाला तरच गाडी उभी राहणार होती. नाही तर त्या गुडघ्यांनी परत रानात जायचं.

कंपनीचा माणूस चौकशीला वस्तीवर आला तेव्हा मीही गेलतो. मी कुणाला काही शिकवून ठेवलं नव्हतं. शिकवायचं मनात आलं नव्हतं असं मात्र मी म्हणणार नाही. माणूस सभ्य होता. पाणी प्याला, फोटो काढले, गाडीत कोण कोण होतं ते विचारलं. मग आबांकडं वळला. "आजोबा, गाडीत बसायचे पैसे दिले होते का?"

आबा गळ्यात हात बांधून बसले होते, ते ताठ झाले. त्यांना वाटलं, हा आपल्याला फुकटा समजतोय.

"दिले की! फुकट बसायला आमी काय भिकारी हाव का साहेब? जाताना दिले. दरवेळंला देतो. हे समदे देतेत, इचारा की. लई सरळ माणूस हाय तो, तोंडानं कधी मागत न्हाई, आमीच देवापुढं ठिवतो."

बाकीचे तिघंही माना हलवायला लागले, हो, आमी बी देतो, आमी बी. सगळ्यांना वाटत होतं आपण दाजींच्या चांगुलपणाची साक्ष देतोय. त्या माणसानं सगळं लिहून घेतलं, वाचून दाखवलं, आणि आबांनी डाव्या हाताचा अंगठा दाबून उमटवला, मागोमाग बाकीच्यांनीही.

महिन्याभरात पत्र आलं. गाडी खाजगी म्हणून नोंदवलेली, वापर भाड्यासाठी, सबब क्लेम नामंजूर. पुढं तक्रार करता येते, अर्धंमुर्धं काही पदरात पडतं, मी दाजींना सांगितलं. ते म्हणाले, "आपल्याच माणसांनी अंगठं दिल्यात. कुणाच्या तोंडानं भांडू?" त्यांनी काठी घेतली आणि उरलेल्या मेंढरांमागं चालायला लागले. चढावर दर दहा पावलांना थांबायचे. अक्का दारातून बघत बसायची. ते मला बघवत नव्हतं, आणि बघवत नव्हतं म्हणून मी चिडलो. अक्काला म्हणलं, म्हाताऱ्यानं घाण केली. गरज काय होती एवढं बोलायची! तिनं ते वस्तीवर बोलून दाखवलं असणार. मला ते हवंच होतं, खोटं कशाला बोलू.

एका दुपारी आबा माझ्या टेबलापुढं येऊन उभे राहिले. एवढ्या उन्हात, एसटीनं, हाताला प्लास्टर. बसा म्हणलं तर बसले नाहीत.

"पाव्हणं, एकच इचारायला आलतो. मी खोटं बोललो का?"

"न्हाई आबा."

"मग मला कुणी बोलंना का झालंय? तुमच्या अक्कानं बी तोंड फिरवलं. लेकरावाणी हाय ती मला. माझ्यामुळं त्यो माणूस रानात लंगडतोय म्हणतेत. काय म्हणायचं व्हतं मी? तुमी शिकल्यालं हाव, सांगा."

झेरॉक्सचं मशीन चालू होतं. गिऱ्हाइकं माझ्याकडं बघत होती. मी थकलो होतो हो, ह्या सगळ्या दरांना, सुटींना, नियमांना, आणि सगळ्यात जास्त माझ्या स्वतःच्या तोंडाला.

"आबा, तुमचं काही चुकलं न्हाई," मी म्हणलं. "त्या साहेबानं तुम्हाला जे विचारलं, ते मी दाजींना कागद करतानाच विचारायला पाहिजे होतं. विचारलं न्हाई. तुम्ही सगळे पैसे ठेवता हे मला आधीच ठाऊक होतं."

आबा टेबलाजवळ एक पाऊल पुढं आले.

"ठावं व्हतं?"

"हो."

"मग चला. हे तिथं येऊन सांगा. मी सांगितलं तर कोन ऐकंल?"

मी लॅपटॉप बंद केला. एसटीत आम्ही शेजारी बसलो. वस्तीवर पोचलो तेव्हा दाजी मेंढरं घेऊन नुकतेच परतले होते, ओट्यावर गुडघे चोळत बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. प्रश्न काय होता, तो का गाळला, खरं लिहिलं असतं तर रक्कम वाढली असती पण गाडी आज दारात असती. दाजी खाली मान घालून ऐकत होते.

अक्कानं विचारलं, "आन् तू मला म्हणलास, म्हाताऱ्यानं घाण केली?"

मी हो म्हणलं.

ती उठली. माझ्या बाजूनं गेली आणि आबांपुढं तांब्या ठेवला. "आबा, हात धुवा. भाकर वाढते," ती म्हणाली. मला बस म्हणाली नाही.