नातं लावायचं नाही

"आदी जेव, मग रड की," असं म्हणत मावशी दारात आलेल्या कुठल्याही बाईपुढं ताट सरकवायच्या. दुसऱ्याचं उपाशीपोटी रडणं जिला बघवत नाही अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल.

कुंभारी गावात माझ्या घरासमोरच्या खोलीत त्या राहायच्या. विड्या वळून हात थकले, घर सुटलं, काही वर्षं एसटी स्टँडवर गेली. तिथल्याच तिघींना त्यांनी गोळा केलं. निराधार बायांना सरकार महिन्याला देतं त्या एकटीच्या पगारात कुणी खोपटंही देईना. चौघींचा पगार आणि रेशनचा तांदूळ एकत्र केल्यावर खोलीचं भाडं निघून दोन वेळा चूल पेटू लागली. भांडणंही भरपूर. तेलुगू बोलणारी अक्का आमटीत चिंच ओतायची. मावशी तोंड वाकडं करायच्या आणि तीच आमटी ओरपायच्या.

मग कचेरीतून पगाराच्या चौकशीला एक साहेब आले. तुमचं कोण आहे, म्हणाले. दारी आलेल्या पाहुण्यापुढं रडगाणं गायचं नाही, ही मावशींची रीत. चहा देऊन तोऱ्यात म्हणाल्या, "आमी चौगी एकाच घरच्या हाव. आता काय कमी न्हाय."

चौघींचा पगार बंद झाला. घरचं माणूस असलेली बाई निराधार कसली, असं कचेरीत मला ऐकवलं. म्हणजे या बाया स्टँडवर पडून राहिल्या असत्या तर पगार चालू राहिला असता! आमचं एकमेकींशी नातं नाही, असं लिहून देऊन चौघींनी अंगठे उठवले, तेव्हा कुठं पगार पुन्हा सुरू होऊन खोली वाचली. पण मावशींनी धसका घेतला. कुणीही विचारलं तरी नातं लावायचं नाही, हे त्या तिघींकडून रोज घोकून घ्यायच्या. मला हसू यायचं.

गेल्या थंडीत मावशींना दवाखान्यात नेलं, त्या परत आल्याच नाहीत. मयत ताब्यात देताना कारकुनानं विचारलं, कोण लागतात तुमच्या? मी तिघींकडे बघितलं. इतके दिवस उशाशी बसलेल्या बाया चटकन मागं सरल्या.

"कोन न्हाय, साहेब," अक्का म्हणाली. "वळकत बी न्हाय."

शेवटी सही मी केली. बाहेर आलो तर तिघी भिंतीला टेकून उभ्या होत्या, पदर तोंडात कोंबून. आवाज फुटला तर नातं लागेल, या भीतीनं.