हिराबायचा पाट

“तू ब्यांकेत हाय ना? मंग सांग, पाटाला कर्ज मिलतं का?”

पहिल्याच भेटीत हिराबायने मला हे विचारलं. मी नुकतीच गिरगावातून काशीगावाजवळच्या नव्या इमारतीत राहायला आले होते. फाटकापाशी ती भाजी घेऊन बसायची. मी मुळ्याची जुडी उचलली, तर भाव सांगायच्या आधी तिने माझी नोकरी विचारून घेतली. पतपेढीत कर्जविभागात आहे म्हटल्यावर टोपली बाजूला सारून तिने हा प्रश्न टाकला.

डोंगराच्या पायथ्याशी जुना दगडी बंधारा होता. तिथून निघालेला पाट पूर्वी काशीगावच्या शेतांना हिवाळी भाजीसाठी पाणी द्यायचा. आता त्याच्या भिंती फुटल्या होत्या, गाळ साचला होता. पाणी निम्म्या वाटेतच जिरून जायचं. गंमत म्हणजे हिराबायचं शेत बंधाऱ्याला लागूनच. पाट तिच्या बांधावरूनच निघायचा, तिला पाण्याची ददात नव्हती. कोरडी पडली होती ती खालची शेतं. त्यातलंच एक तिच्या दिराचं, सुदामचं. मी म्हटलं, “मग तुम्ही कशाला एवढ्या धडपडता?”

“मागल्या पंगतीला जेवन न्हाय मिललं, त पुढल्यानी ढेकर देऊ नये, बाय.”

पाटाला कर्ज मिळत नाही, हे मी तिला समजावलं. तारण काय ठेवणार? पाट कोणाच्याच नावावर नव्हता. मग ती पाटबंधारे कार्यालयात गेली. बरोबर मी होते. साहेब म्हणाले, “तुमचं गाव आता शहरात आलंय. महापालिकेकडे जा.” महापालिकेतले म्हणाले, “शेती आमच्याकडे येत नाही. पाटबंधाऱ्याकडे जा.” जिना उतरताना ती म्हणाली, “दोन घरचा पावना उपाशी म्हनतात, तसा झाला आमचा पाट.” आणि दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गेली. नेसायची ठेवणीतलं लुगडं, गळ्यात सगळं सोनं. “गरीब दिसलं की बाकड्यावर बसवून ठेवतान,” असं तिचं म्हणणं.

एका कंपनीची माणसं मदत देऊ म्हणून आली. पाटात उभं राहून त्यांनी तिच्याबरोबर फोटो काढले. पुन्हा फिरकली नाहीत. तशी तीन-चार वर्षं गेली. शेवटी तिथल्या एका पुढाऱ्याने वाट दाखवली. “हिराबाय, शेतीच्या नावाने पैसा मिळणार नाही. नाला सुशोभीकरणाच्या नावाने उद्या मिळतो. गावकऱ्यांची मागणी म्हणून तू सही कर.”

मी म्हटलं, “नका करू. एकदा नाला म्हटलं की तो नालाच होईल.” तिने पुढाऱ्याचा कागद पुढे ओढला. मग म्हणाली, “कायपन नाव लावूंदे. पोराला दगड्या म्हटलं तरी तो आयशीलाच हाक मारतो ना?” आणि सही केली.

काम सुरू झालं तेव्हा तिचा आनंद लपत नव्हता. मजुरांना ती रोज तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी नेऊन द्यायची. काँक्रीटच्या भिंती सरळ उभ्या राहिल्या. मग एके दिवशी स्लॅबच्या सळया आल्या.

ती धावतच इंजिनीअरकडे गेली. “झाकता कशाला? अन् शेतात पानी सोडाची तोंडं कुठं हायेत?”

इंजिनीअर पोरगा सभ्य होता. नकाशा उलगडून म्हणाला, “आजी, यात शेत कुठेच नाहीये. वर जॉगिंग ट्रॅक होतोय.”

खालच्या लोकांकडे ती गेली, काम अडवूया म्हणाली. कोणी उठलं नाही. ट्रॅकच्या बाजूने रस्ता येणार, जमिनीला भाव येणार, हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. सुदाम तर तोंडावर म्हणाला, “वयनी, आमी कदी मांगलं पानी? सही त तूच केलीस.”

त्या रात्री ती जेवली नाही, असं तिच्या सुनेने सांगितलं.

उद्घाटनाला तिला स्टेजवर बोलावलं. शाल घातली, नारळ दिला, दोन शब्द बोला म्हणून माइक पुढे केला. ती शांतपणे म्हणाली, “माज्या शेताला पानी होतं. सगल्यांना मिलावं म्हनून मी मांगाया गेले. आता माजं बी गेलं. सगले सारके झाले.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढाऱ्याने सर्वांत जोरात.

त्यानंतर तिने भाजी लावली नाही. पावसात भात व्हायचा, बाकी वर्षभर शेत भेगाळलेलं. शेत विकत मागायला येणाऱ्यांना ती दारातूनच परत लावायची. माझ्याशी बोलायची, पण पाटाचा विषय काढला की पदर सारखा करत उठायची. कडवटपणा तिच्या तोंडात कधी नव्हता. तो आता चेहऱ्यावर येऊन बसला.

गेल्या माघात ती गेली. मसणवटीची जुनी पायवाट रस्त्यात गेली होती, म्हणून तिरडी ट्रॅकवरून न्यावी लागली. वॉचमन आडवा आला, “अभी वॉकिंग का टाइम है,” म्हणाला. सुदाम पुढच्या खांद्याला होता. त्याने मान वर केली नाही. वॉचमन आपणच बाजूला झाला.

चालायला आलेली मंडळी कडेला थांबली. माझ्या शेजारच्या बाईंनी कानातला इअरफोन काढून हळूच विचारलं, “कोण होत्या?”

“याच्या खालचं पाणी त्यांनी मागितलं होतं.”

त्यांनी पायांखाली पाहिलं. “खाली पाणी आहे?” म्हणाल्या, आणि तिरडी पुढे गेल्यावर पुन्हा चालू लागल्या.