डाव्या हातानं जेवणारे लोक

आमच्या कॉलेजच्या फाटकासमोर चहाची टपरी आहे. तिथल्या बाकावर सोमवारी सकाळी दुसरा विषय नसतो. रविवारी बालाघाटच्या टॉकीजमध्ये पाहिलेल्या पिक्चरची चिरफाड चालते. हिरोईन रडली ते खरं वाटलं का, गाणी जास्त झाली का, शेवट आधीच कळला का. सगळं हिंदीत, सगळे एकाच वेळी बोलतात, आणि प्रत्येकाला काहीतरी म्हणायचं असतं.

पहिल्या वर्षी मी सायकलचं हॅन्डल धरून बाकाच्या कडेला उभा राहायचो. बसायला कोणी मना केलं नव्हतं. पण बाकावर बसलं की बोलावं लागतं, आणि बोललं की कोणीतरी विचारणार, कुठे पाहिलास? मला तेवढ्या एका प्रश्नाची भीती वाटायची. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. बा भरवेलीच्या खाणीत मजूर आहे. मी तिथूनच रोज सायकलनं येतो. टॉकीजच्या आत मी तोवर गेलो नव्हतो. पिक्चर मात्र पुष्कळ पाहिले होते, कारण खाणीच्या मैदानावर कंपनी अधूनमधून दाखवायची.

मैदानावर दोन बांबूंमध्ये पांढरा पडदा बांधत. मशीनच्या बाजूला, म्हणजे समोर, साहेबांच्या खुर्च्या, त्यामागे बाबू लोकांच्या घरच्या सतरंज्या, त्यामागे बाकीचे. आमच्या लाईनीतले, म्हणजे मजुरांच्या चाळीतले लोक पडद्याच्या मागच्या बाजूला बसत. तशी कुठे पाटी नव्हती. मी लहान होतो तेव्हा आम्ही बौद्ध झालो, घरातले जुने देव गेले, नमस्कार बदलला, पण मैदानावरची जागा तीच राहिली. मी एकदा बाला विचारलं होतं, तर तो म्हणाला, "इकडं हवा लागते." हवा लागायची हे खरं होतं. कपडा पातळ असल्यानं चित्रही दिसायचं. पिक्चर सुरू होण्याआधी आमच्यातलं कोणी पडद्यावर बादलीभर पाणी मारलं की आणखी साफ दिसायचं, आणि समोरून ओरडा यायचा की अंधारं झालं.

आमच्या बाजूनं अक्षरं उलटी दिसत. मी शाळेत असल्यापासून ती उलटीच वाचून मायला सांगायचो, आणि त्यासाठी लाईनीत माझं कौतुक व्हायचं. पण अक्षरं सुरुवातीला येऊन जातात, मग माणसं येतात. माणसंही उलटी होत असतील हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. कोणाच्याच आलं नव्हतं.

आमच्या लाईनीत सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं की पिक्चरमधले लोक डाव्या हातानं जेवतात. बायका या गोष्टीवर फार बोलत.

"इतके शिकेल लोक अन् डाव्या हातानं घास घेते," माय म्हणायची. "मायनं शिकवलं नसन का?"

"मुंबईची रीत असन तशी," बा म्हणायचा.

शेजारची काकू म्हणायची, "रीत कायची बाई. पदर बी उलट्याच खांद्यावर घेते त्या. त्यायचं सगळंच उलटं."

मला ही बोलणी लहानपणापासून पाठ होती. ती चुकीची असतील अशी शंका घ्यायला मला जागाच नव्हती, कारण मीही डोळ्यांनी तेच पाहिलं होतं.

त्या वर्षी हिवाळ्यात आमच्या सरांनी चर्चामंडळ सुरू केलं. दर शनिवारी शेवटच्या तासाला एका विषयावर मुलांनी आपलं मत मांडायचं. सर म्हणाले, पुस्तकांवर बोलायला तुम्ही घाबरता, तर आधी पिक्चरवर बोला. टॉकीजला तेव्हा जो पिक्चर लागला होता तोच विषय ठेवला. योगायोग असा की तोच पिक्चर नुकताच आमच्या मैदानावर येऊन गेला होता. सरांनी हजेरी घेता घेता मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुम कभी कुछ बोलते नहीं. इस बार तुम शुरू करोगे."

मी हो म्हटलं. खाणीच्या रस्त्यावर सायकल चालवताना मी हिंदी वाक्यं जुळवायचो आणि चढावर दम लागला की विसरायचो. बाकावरच्या मुलांची मतं मी इतके महिने ऐकत होतो. त्यांच्यासारखंच बोललो तर माझं काय राहिलं, आणि वेगळं बोललो तर हसतील. एवढं मात्र मला कळत होतं की या शनिवारी नीट बोललो तर सोमवारी बाकावर बसता येईल. नाही तर पुढची वर्षंही हॅन्डल धरून उभं राहायचं.

पिक्चरची गोष्ट साधी होती. गावातला मुलगा बाहेरगावी शिकून घरी परततो, त्याला घर लहान वाटायला लागतं, आणि आई ते ओळखते. तो मुलगा मला आपल्यासारखाच वाटला होता, पण ते सभेत कसं सांगणार? शेवटी मी मायलाच विचारलं, तुला काय वाटलं?

ती तांदूळ निवडत होती. "पोरगा चांगला होता," ती म्हणाली. "पन घरी आल्यावर पहिलाच घास डाव्या हातानं घेतला. अन् ती माय बी डाव्याच हातानं वाढे. आपल्याकडं कोनी असं वाढन का? ज्यानं पिक्चर काढला त्यानं गरिबाचं घर पाह्यलं नाही कधी."

मला एकदम हलकं वाटलं. हे मत बाकावर कोणी मांडलं नव्हतं. ते माझ्या घरचं होतं आणि खरं होतं. मी ते हिंदीत बसवलं, दोनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं.

शनिवारी वर्ग भरलेला होता. मी म्हणालो की गोष्ट चांगली आहे, पण दिग्दर्शकाला आपल्या घरांची माहिती नाही. एवढ्या महत्त्वाच्या प्रसंगात मुलगा डाव्या हातानं जेवतो. आई डाव्या हातानं वाढते. देवासमोर फूलसुद्धा डाव्या हातानं ठेवते. गरीब माणसाकडे दुसरं काही नसलं तरी रीत असते, आणि ती न पाहताच त्याच्यावर पिक्चर काढला तर तो खरा कसा वाटणार?

शेवटचं वाक्य मला स्वतःला आवडलं होतं. मी वर पाहिलं. मुलं एकमेकांकडे पाहत होती. कोणीतरी हळूच म्हणालं, "बायाँ हाथ? कब?" दुसरा म्हणाला, "मैंने तो दो बार देखी, यार."

सर म्हणाले, "तुमने फिल्म कहाँ देखी?"

तो प्रश्न आला. मी सांगितलं, भरवेलीच्या मैदानावर.

"मैदान में किधर बैठे थे?"

मी उत्तर द्यायच्या आधीच मागच्या बाकावरून आवाज आला. आमच्या खाणीतल्या एका बाबूचा मुलगा माझ्या वर्गात आहे. तो वाईट नाही. मैदानावर तो समोर सतरंजीवर बसतो, आणि मी त्याला कधी ओळख दाखवली नव्हती. तो म्हणाला, "सर, ये लोग परदे के पीछे बैठते हैं."

मग सगळ्यांच्या लक्षात आलं आणि वर्ग हसला. माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मी तिथे उभा राहून माझा उजवा हात पाहत होतो, आणि मनात पडदा फिरवून पाहत होतो. आरशातल्यासारखं. इतकं सोपं. अक्षरं उलटी वाचत आलो आणि हात तसेच सोडून दिले.

सरांनी टेबलावर डस्टर आपटला. हसणं थांबल्यावर ते म्हणाले, "इसने जो देखा, वही कहा. बैठो." ती बाजू घेणं होतं की संपवणं, मला अजून ठरवता आलेलं नाही. पुढच्या मुलाला त्यांनी उभं केलं. तो काय बोलला ते मी ऐकलं नाही. कानात "ये लोग" एवढंच होतं.

सोमवारी टपरीवर एकानं हाक मारली, "अरे उल्टा सिनेमा, चाय पिएगा?" त्यात रागलोभ नव्हता. एकानं तर खरंच विचारलं की उलटी अक्षरं वाचता येतात का, आणि वर्तमानपत्र कागदाच्या मागून उजेडाला धरलं. मी वाचून दाखवलं. त्यांनी वाहवा केली. मी बाकावर बसलो होतो, पण जत्रेत दोन डोक्यांचं वासरू दाखवतात तसा.

घरी मी काही सांगितलं नाही. मायनं विचारलं, "सांगतलं का रे तू, डाव्या हाताचं?" मी म्हटलं, "हौ."

"मंग?"

"सगळ्यायनं ऐकलं."

ती खूश झाली. काकूला तिनं सांगितलं की कॉलेजात आपलं म्हणणं ऐकलं. मला झोप येईना. तिला खरं सांगावं तर तिचं इतक्या वर्षांचं पाहणंच खोटं ठरतं. न सांगावं तर ती उद्या आणखी कोणापुढे बोलेल आणि ते हसतील, आणि त्या वेळी मी तिथे नसेन.

पुढचा पिक्चर आला तेव्हा मी तिला म्हणालो, "माय, आज समोरून पाहू."

"काहून? इथून दिसत नाही का तुले?"

"एकदा पाहू तर."

"तिकडं बाबूच्या बाया बसते."

बा बिडी पेटवत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग मायकडे. "जाऊन ये," तो म्हणाला, "पोरगा म्हनते तर."

पडद्याला वळसा घालून जायला फार वेळ लागत नाही, पण मला तो रस्ता लांबच लांब वाटला. माय माझ्या मागे चालत होती, पदर घट्ट धरून. सतरंज्यांच्या कडेला, उघड्या जमिनीवर आम्ही बसलो. जवळच्या एका बाईनं आमच्याकडे पाहिलं आणि आपल्या पोराला ओढून मांडीवर घेतलं. जागा करून दिली की दूर सरकवलं, मला कळलं नाही. खाणीचा मुकादम मशीनपाशी उभा होता, त्यानंही मान वळवली. मग अंधार झाला.

मी पडद्याकडे पाहतच नव्हतो. मी पुढच्या डोक्यांकडे पाहत होतो. कोणतं डोकं वळतं, कोण कोणाच्या कानाशी लागतं, कोण उठून आमच्याकडे येतं. मायही ताठ बसली होती. मग पिक्चरमध्ये पंगत बसली आणि तिनं माझा दंड धरला.

"उजव्या हातानं जेवून राह्यले," ती कुजबुजली.

ती बराच वेळ पाहत राहिली. तिनं आपला एक हात वर करून पाहिला, मग दुसरा. मी वाट पाहत होतो की ती आता मला विचारेल, तुला हे कधीपासून ठाऊक होतं?

रीळ बदलायला मशीन थांबलं तशी ती उठली. मला वाटलं, अपमान वाटला, चालली. "कुठं चालली, माय?"

"काकूले सांगतो. ते अजून डावा हातच पाहून राह्यली असन."

ती गेली. थोड्या वेळानं पडद्यामागे बायकांचा मोठा कालवा झाला, इतका की समोरचे "चुप, चुप" म्हणू लागले. मग पडद्याच्या कडेनं काकू आली. तिच्या मागून आणखी दोघी, मग लाईनीतल्या म्हाताऱ्या. त्या बसल्या नाहीत. कडेला उभ्या राहून हात पाहत होत्या, पदर पाहत होत्या. एक म्हणाली, "हौ वं बाई, खांदा बी बदलला." दुसरी म्हणाली, "म्हनजे चांगल्या घरचे हायेत म्हना." काही पाहून परत गेल्या, काही थांबल्या. समोरच्या खुर्चीतून एक साहेब वळले. मुकादम दोन पावलं आमच्या दिशेनं आला आणि थांबला. कोणी काही म्हणालं नाही. पण म्हणेल, आता म्हणेल, असं मला शेवटपर्यंत वाटत राहिलं, आणि म्हणालं तर ते मायला म्हणेल, कारण तिला इथे आणणारा मी.

सोमवारी बाकावर बाबूच्या मुलानं त्याच पिक्चरचा विषय काढला. "उल्टा सिनेमा, तेरी राय?" मी म्हणालो, मी पिक्चर पाहिलाच नाही. मग काय पाहिलं ते सांगितलं. माय उठून गेली तिथपासून सांगितलं. कोणी मध्ये बोललं नाही, एक जण हसला, पण तो काकूच्या "खांदा बी बदलला"ला हसला, तिथे मलाही हसू आलं होतं. बाबूचा मुलगा चहाच्या ग्लासात पाहत होता. मी थांबलो तेव्हा तो म्हणाला, "मेरी अम्मा कह रही थी, अगली बार दरी पहले से बिछानी पड़ेगी."

दरी म्हणजे सतरंजी, पण ती आधीच अंथरायची कशासाठी? जास्त माणसं येतील म्हणून, की जास्त माणसांना जागा राहू नये म्हणून? त्याच्या तोंडाकडे पाहून काही कळेना. विचारणार तेवढ्यात कॉलेजची घंटा झाली.

घरी आल्यावर ते वाक्य मी मायला जसंच्या तसं सांगितलं. लपवायचं आता काही उरलं नव्हतं.

"मंग आपली सतरंजी बी पहिलेच नेऊ," ती म्हणाली. "धुवून ठेवतो उद्या."