टिलरचा मांडव

पोशेऱ्याच्या वेणूला काहीही उघड्यावर राहिलेलं सोसत नाही. लाकडं असोत, गोवऱ्या असोत, कोंबडीची पिल्लं असोत. आभाळ जरा काळवंडलं की ती त्यांच्यावर काहीतरी टाकून येणारच. ही सवय वीटभट्टीवरची. लग्नानंतर कितीतरी वर्षं ती नवऱ्याबरोबर भट्टीवर जात होती, आणि अवकाळी पाऊस आला की कच्च्या विटांवर प्लास्टिक ओढायला सगळ्यांत आधी वेणू धावायची. एकदा तर घाईत तिने विटांबरोबर मुकादमालाही झाकून टाकलं. तो आतून ओरडत होता आणि ही वरून दगड ठेवत होती.

अशा बाईच्या अंगणात बायकांच्या गटाला मिळालेला पॉवर टिलर, बैलाविना नांगरणी करणारं ते लालभडक यंत्र, एका फाटक्या निळ्या प्लास्टिकखाली उभा होता. टिलर देणाऱ्या संस्थेच्या प्राजक्ताताईंनी जाताना बजावलं होतं, "वेणूताई, रविवारी संध्याकाळी मी येते. पक्क्या छपराखाली दिसला तर टिलर तुमच्या गटाचा. नाहीतर पलीकडच्या पाड्याला देऊ, तिकडे समाजमंदिराची पडवी रिकामी आहे."

टिलर गेला तर पुन्हा दुसऱ्याचे बैल मोकळे होण्याची वाट बघायची, आणि तोवर लावणीचा पाऊस निघून जायचा. मागच्या साली वेणूची रोपं तशीच पिवळी पडली होती. नवरा अजून भट्टीवर, गटातल्या बाया रोजगार हमीच्या कामावर. वेणूने पदर खोचला.

पडक्या गोठ्याचे वासे काढून तिने त्यांची टोकं जाळली आणि त्यावर गॅरेजमधलं जळकं ऑइल चोपडलं, म्हणजे वाळवी तोंड लावत नाही. चार खांब पुरून वर आडवे वासे बांधले. खाली ओहोळातल्या दगडांचा ओटा. बाजूंना कारवीच्या काड्यांचा कूड, वर हवा खेळायला हातभर फट. तोंड पूर्वेला ठेवलं, कारण इथला पाऊस पश्चिमेकडून आडवा झोडतो. ती बाजू मुद्दाम ठेंगणी. आता राहिलं फक्त छप्पर. त्यासाठी बॅनरवाल्याकडचे जुने फ्लेक्स आणायला रविवारी सकाळी तिने लेकीला, योगिताला, जव्हारला पाठवलं.

उन्हं चढली तसा उघड्या वाशांखालचा टिलर तापला, डिझेलचा वास अंगणभर सुटला. वेणूला कसचं राहवतंय! तिने जांभळीचे डहाळे तोडून वाशांवर पसरले. हाताशी उंबराची फांदी आली, तीही वर टाकली.

तेवढ्यात शेजारचे गोमाबाबा रस्त्याने चालले होते. ते थबकले. वैशाखाचे दिवस, अंगणात चार खांब, वर जांभूळ, त्यावर उंबर, थेट लग्नाच्या मांडवासारखं. घरात लग्नाची पोर. विचारायचं काय त्यात? गोमाबाबांच्या फोनला रेंज फक्त एसटीच्या स्टॉपवर, आणि त्या दिवशी त्यांनी ती मुळीच वाया घालवली नाही.

दुपारी पहिली आली गौराकाकी, सुपात तांदूळ आणि हळद घेऊन. मागोमाग पाड्यावरच्या बाया, आणि बाप्ये, कमरेला कोयते, खांद्यावर बांबू. मांडवाला रिकाम्या हाताने कोण जातं? वेणू "अगं काकी, अहो ऐका तरी" म्हणेपर्यंत जामसरहून तिचा भाऊ सखा येऊन उभा. काखेत कोंबडा, नाकावर राग.

"वेणू! मामा मेला का गं? मांडव तू घालणार आणि मला सांगणार गोमाबाबा?"

"दादा, तू आधी पाणी पी."

"पाणी नको! पहिला खांब मामाच्या हातचा असतो, ठाऊक हाय ना? आणि पोरगा कोण? कुठला? दिसायला कसा?"

वेणूने टिलरकडे बोट केलं. "तो बघ. लाल आहे. अंगाने दणकट. डिझेल पितो."

सखाने टिलरकडे पाहिलं, वेणूकडे पाहिलं, मग काखेतल्या कोंबड्याकडे पाहिलं. एवढ्यात जीप थांबली. टपावरून फ्लेक्सच्या गुंडाळ्या खाली ढकलून योगिता धावत आली.

"आई! जीपमध्ये मला माझ्याच लग्नाचं आमंत्रण मिळालं!"

"मग तू काय म्हणालीस?"

"येते म्हटलं. जेवायला काय आहे, तेही विचारलं."

झालं! गौराकाकीने सूप खाली ठेवलं आणि ती पोट धरून तिथेच बसली. सखाही हसायला लागला, तसा कोंबडा निसटला. वेणूच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पण डोळे पुसता पुसता तिला उन्हाची तिरीप कुडावर आलेली दिसली. ताई यायची वेळ झाली होती, आणि अंगणात तर बांबू, कोयते, माणसं!

"लगीन नाही," ती ओट्यावर चढून म्हणाली, "पण मांडव आहे. अर्धाच आहे. आणि दादा, मधल्या खांबाशिवाय छप्पर वाऱ्याला टिकायचं नाही. तो तुझा."

सखाने बाह्या सरसावल्या. बाप्ये वर चढले. फ्लेक्स दुहेरी करून, छापील बाजू आत ठेवून, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी ताणून बांधले. वाढदिवसाच्या शुभेच्छा घेणारे कुणी गॉगलवाले साहेब आतून टिलरकडे बघत हसायला लागले.

"नवऱ्याचा बाप का हा?" गौराकाकीने विचारलं, आणि टिलरच्या हँडलला हळद फासून तिने गाणं धरलं. बाया फेर धरून नाचू लागल्या.

त्या गोंधळात प्राजक्ताताईंची स्कूटी आली. गोमाबाबा लगबगीने पुढे झाले. "या, या. तुम्ही कोणाकडच्या? नवरीकडच्या?"

"मी टिलरकडची," ताई बावचळून म्हणाल्या.

"म्हंजे वरपक्ष! काकी, ह्यांना पहिलं पाणी द्या!"

ताईंनी ओटा पाहिला, कूड चाचपला, वर पाहिलं. "छान झालंय. पण गळलं तर?"

सखाने भरलेला हंडा उचलला आणि खांबाला टेकून उभं राहून तो छपरावर उपडा केला. वेणू वाकून आत बघू लागली. आत साहेबांच्या गॉगलवर थेंबसुद्धा आला नाही. सगळं पाणी पश्चिमेच्या ठेंगण्या बाजूने घरंगळलं, आणि तिथे कुडाला टेकून उभे राहिलेले गोमाबाबा नखशिखांत न्हाले.

"टिलर तुमचाच, वेणूताई!" ताई हसू दाबत म्हणाल्या.

पण वेणूचं लक्षच नव्हतं. टिलरवरून काढलेलं निळं प्लास्टिक तिने उचललं होतं, आणि गोमाबाबा "अगो, अगो" म्हणेपर्यंत त्यांना डोक्यापासून पायापर्यंत झाकूनही टाकलं होतं.