हललेले पट्टे

१२ फेब्रुवारी २०२४ रोजी तिसगावच्या निकिता कराळेने २३,४५० रुपयांना एक जुना लॅपटॉप घेतला आणि त्यावर समुद्र बघायला सुरुवात केली. एम.एस्सी. झालेल्या या मुलीने खरा समुद्र तोवर पाहिला नव्हता. उपग्रहाची रडार चित्रं फुकट मिळत. गोव्यासमोरच्या पाण्यावर उमटलेले उजळ-काळे पट्टे ती त्यांतून टिपून घेई. वरचं कोमट आणि खालचं गार पाणी यांच्या मधोमध लाटा चालतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण वरच्या पाण्याचा पोत बदलतात आणि तो रडारला दिसतो.

वर्षभराने पुण्यातल्या समुद्रविज्ञान परिषदेसाठी तिचं संशोधनाचं पोस्टर मंजूर झालं. ते चांगलं झालं तर तिथल्याच विद्यापीठातल्या शेवाळे मॅडम तिला आपल्या समुद्राच्या प्रकल्पात सहायक म्हणून घेणार होत्या. गावातल्या वैजनाथच्या छपाईच्या दुकानात, वाढदिवसांच्या फ्लेक्सबरोबर, तिचाही फ्लेक्स छापून झाला.

चार दिवस उरले असताना तिने तो अंगणात पसरला. किनाऱ्याजवळचे काही वाकडे पट्टे तिने लाटांत धरलेच नव्हते. उथळ पाण्यात तळाचे उंचवटेही वर पट्टे उमटवतात, म्हणून तिथे तिने ‘तळावरचे उंचवटे’ असं लिहिलं होतं. डोंगरउतारावर पाणी जिरवायला खणलेले समतल चर बघतच ती वाढली होती, आणि हे पट्टे हुबेहूब तसेच वळलेले. इतके ओळखीचे, की ते जमिनीचेच असं धरून त्या जागेचं वेगळ्या दिवसाचं चित्र तिने उघडलंच नव्हतं. आता उघडलं. पट्टे तिथे नव्हते, दुसरीकडेच होते. तळाचे असते तर हलले नसते.

“कोन बघतंय येवढं बारीक?” आई कडूबाई म्हणाली. “जा घिऊन तसंच.”

“मी बघितलं ना आता.”

तिने मॅडमना फोन लावला. “मॅडम, माझं चुकलंय. सगळी चित्रं परत बघावी लागतील. वेळेत झालं तर येते, नाहीतर पोस्टर मागे घ्या.”

मॅडम “बघ,” एवढंच म्हणाल्या.

कांद्याची खुरपणी आईवर पडली. निकिताने एकेका जागेची आधीची-नंतरची चित्रं शेजारी ठेवून पुन्हा सगळं तपासलं आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी वैजनाथचं दुकान गाठलं.

“ताई, मागच्या आठवड्यात तर छापला. नवरदेव बदलला का काय?”

“नवरदेव त्योच हाय. वरात कुठं चाललीय ते चुकलं हुतं.”

परिषदेत तिने नवा फ्लेक्स लावला. आपली चूकही त्यातच एका चौकटीत दाखवली, ती का झाली त्यासकट. मॅडमनी ती चौकट वाचली आणि रुजू कधी होतेस, असं तिथेच विचारलं.

निकिता आता पुण्यात नोकरीला आहे. दुसऱ्या फ्लेक्सचे साठ रुपये वैजनाथला द्यायचे राहिले आहेत.